मेहमुदानं वळलेला दोर

लग्न होऊन मेहमुदा शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खणांच्या घरात आली, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या मालकीच्या वस्तू दोनच होत्या. पायानं फिरवायचं धारेचं चाक आणि खाटेखालची पत्र्याची पेटी. चाकावर घर चालत होतं. पेटीत काय आहे ते तिनं विचारलं नाही. नव्या नवरीनं नवऱ्याच्या कुलपाकडं बघू नये एवढी समज तिला होती. शेवटी सासूनंच, इमामबीनं, भाकऱ्या थापता थापता सांगून टाकलं.

"सवत हाय ती तुझी. आधीपासनं नांदतीया. तिला रोज काहीतरी खायला लागतंय. तुला कमी पडलं तर रडत बसू नगंस."

पेटीत गळ होते. तिच्या नवऱ्यानं, गैबी शिकलगारानं, पोरवयापासून जमवलेले, बनवलेले, नदीकाठच्या काट्याकुट्यातून सोडवून आणलेले. सकाळी चाक खांद्याला लावून तो बाहेर पडायचा. न्हाव्यांचे वस्तरे, शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, लग्नसराईत आचाऱ्यांच्या विळ्या. घरी आला की मिळालेले पैसे आईच्या ओच्यात टाकायचे आणि त्यातला एक पैसाही पेटीकडं वळवायचा नाही, हा इमामबीचा कायदा. गैबीनं तो कधी मोडला नाही. मोडायची गरज पडू नये अशी अक्कल मात्र त्यानं कमावली होती. मोच्याचं बोथट झालेलं दाभण, शिंप्याच्या मशीनची मोडकी सुई, सायकलीच्या चाकाची तुटकी तार, लोकांनी टाकलेलं असं काहीबाही तो मागून आणायचा आणि चुलीच्या निखाऱ्यात लाल करून वाकवायचा. टोकाला छिन्नीनं उलटा काटा उठवायचा. मग पुन्हा तापवून गोड्या तेलात बुडवायचा. एवढंसं तेलही इमामबी मोजून द्यायची आणि वर म्हणायची, "कालवणात न्हाय घातलं, तुझ्या खिळ्यास्नी घाल."

ट्रकच्या जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून तो चिंचोक्याएवढी वजनं ओतायचा. पाण्यावर तरंगणारे तरंडे मोरपिसाच्या देठांचे होते. दर्ग्यातल्या मुजावराचं मोरचेल झिजलं की त्यातले देठ तो अदबीनं मागून घ्यायचा, डोक्याला लावायचा, मग कापायचा. रिकाम्या काडेपेट्या चिकटवून त्यानं पेटीत कप्पे केले होते. मरळीचे गळ वेगळे, वामीचे वेगळे, शिंगाळ्याचे वेगळे. सगळं घर उघडं पडलेलं असलं तरी त्या पेटीत वस्तू जिथल्या तिथं असायची. मेहमुदाला त्याचा राग यायचा, आणि तो कप्पे लावत बसला की ती चुलीपुढून त्याच्याकडं बघतही राहायची.

शुक्रवारी नमाज आटोपला की तो पंचगंगेवर जायचा. एका शुक्रवारी तो रिकाम्या हातानं आला आणि जेवला नाही. मोठा मासा होता, दोर तुटला, एवढंच म्हणाला. मेहमुदानं उरलेला दोर हातात घेऊन बोटांनी उलगडला.

"ह्यो काय दोर हाय?" ती म्हणाली. "ह्यात पीळच न्हाय. वाण्याच्या पुडीचा दोरा बरा."

मेहमुदा गडहिंग्लजच्या पटवेगाराची लेक. करदोटे, गोंडे, दागिने ओवायचे दोरे हा तिच्या माहेरचा धंदा. बोलायला लागायच्या आधी तिच्या हाताला पीळ कळायला लागला होता. सासरीही ती एका दुकानासाठी करदोटे वळून द्यायची. त्या कामातले उरलेसुरले रेशमाचे तुकडे तिनं एका मडक्यात साठवले होते. गैबी जेवला नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मडकं खाली काढलं.

दोर वळायला दोन टोकं लागतात. एक टोक तिच्या हातातल्या टकळीला, आणि दुसरं धरायला समोरची झुंबरबाई. झुंबरबाईच्या दारात म्हशी असायच्या. सकाळ-संध्याकाळ ती त्या गंगावेशीत नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढायची. नवरा लवकर गेलेला, पदरात एकटा कृष्णात. दुपारची मोकळी असली की ती बोळाच्या त्या अंगाला, म्हशीच्या खुंटाला टेकून, दोराचं टोक बोटाला गुंडाळून उभी राहायची. तीन पदर एका अंगानं वळायचे, मग तिन्ही मिळून उलट्या अंगानं. मग मेणातून ओढायचा, बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळायचा, सावलीत वाळवायचा. समईच्या वातीएवढा जाड, तांबूस, हातातून सापासारखा सरकणारा दोर. शेवटी जोखायचा. जोखताना तो आधी ओला करायचा. कोरडा दोर कुणाचाही घट्ट असतो, हे मेहमुदाच्या माहेरी लहान पोरंही सांगत.

झुंबरबाई आपलं टोक दोन्ही तळव्यांना गुंडाळून, पाय रोवून, मागं रेलायची. ह्या अंगाला मेहमुदा.

"तुटत न्हाय की गं!"

"वड अजून. म्हशीचं दूध पेतीस का ताक?"

"आगं, ह्येनं म्हस बांधली तरी सुटायची न्हाय. मला एक दावं दे करून."

"रेशमाचं दावं म्हशीला? मग तुझी म्हस नथ मागंल."

त्या दोराला पहिल्याच महिन्यात मोठी वाम लागली. गैबी ती खांद्यावर टाकून बोळात आला, तेव्हा इमामबीसुद्धा उंबऱ्यावर आली. वाटे झाले. एक वाटा झुंबरबाईकडं गेला. कृष्णात तेव्हा शाळेत जायच्या वयाचा होता. काटे काढायला आईची वाट न बघता खायचा. पुढं तो मोठा झाला, मिशी फुटली, तरी गैबीनं मासा आणला की हाक मारायचा, "मावशी, डोकं मला ठेवा."

पेटीत एक गळ माशांचा नव्हता. विहिरीत पडलेली घागर, पोहरा काढायला गैबीनं ट्रकच्या पाट्यातून तीन पाकळ्यांचा मोठा आकडा घडवला होता. पेठेत कुणाची घागर गेली की पोर धावत यायचं. इमामबी गेली त्या वर्षी एका वाड्याच्या विहिरीत घागर शोधताना त्या आकड्याला लुगडं लागलं. त्यानं हळूहळू वर घेतलं. सकाळपासून कुणाच्या लक्षात न आलेली त्या वाड्यातली म्हातारी वर आली.

गैबी घरी आला तो हात हलवत. आकडा आणि दोर दोन्ही त्यानं नदीत सोडून दिले होते.

"मेल्या माणसाला लागलेलं परत घरात आणायचं नसतं," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"बा म्हणायचा. त्याचा बा म्हणायचा."

तेवढ्यावर ते थांबलं असतं. पण गावाला कळलं की शिकलगार नीट काढतो. फाडत नाही, आपटत नाही, तोंड झाकून काठावर ठेवतो आणि पैसा घेत नाही. मग रंकाळ्यावरून बोलावणं आलं, कोटितीर्थावरून आलं, पंचगंगेच्या घाटावरून तर दर पावसाळ्यात. एकदा पोलीसच सायकलवरून घेऊन गेला. प्रत्येक वेळी गैबी पेटीतला चांगला दोर आणि आकडा घेऊन जायचा आणि रिकामा परत यायचा. कुणाकुणाला अर्ध्या पैशात धार लावून मिळवलेलं पोलाद आणि मेहमुदाचे महिने नदीत जायचे. शिवाय पेठेतल्या बायका आता त्याच्याकडचा मासा घेईनाशा झाल्या. तोंडावर कुणी बोलत नसे. "आज उपास हाय" म्हणत. गैबीचा मासा आला की सगळ्या पेठेला उपास. झुंबरबाई तेवढी घ्यायची.

"लोकांची मढी आणि आमचा दोर," मेहमुदा फणकारायची. "एकानं तरी म्हटलं का, शिकलगारा, ह्ये घे रेशीम?"

"त्यास्नी त्या वक्ताला सुचंल का?"

"मग नंतर सुचू दे की. नंतर तर वळख दाखवत न्हाईत."

गैबी कप्प्यातला एखादा गळ उचलून उजेडात धरायचा. "मासा चारा बघून येतो गं. त्याला फसवायला लागतं. मढं काय मागत न्हाय. त्याला तरी न फसवता काढू दे."

ती चुलीत फुंकर घालायची.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र त्या पेटीनं घर तारलं. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी पाण्याशिवाय घशाखाली उतरत नसे. धार लावायला कुणाकडं पैसे नव्हते. नदी आटून तिचे डोह झाले होते आणि डोहात मासे कोंडले होते. गैबी रोज जायचा. मरळ, खवली, जे मिळेल ते. जरीना, त्यांची एकुलती लेक, त्या मिलोच्या भाकरीबरोबर माशाचं कालवण खाऊन वाढली. त्याच वर्षी जुन्या बाजारात गैबीला गळाचा दोर गुंडाळायचं एक पितळी रीळ दिसलं. कुण्या शिकारी साहेबाचं असावं. मूठ झिजलेली, पण फिरवलं की मांजरासारखं गुरगुरायचं. तीन रविवार तो ते नुसतं फिरवून परत आला. चौथ्या रविवारी मेहमुदानं माहेरची तांब्याची घागर त्याच्या हातात दिली.

"ह्यात पाणी भरायला हाय कुठं?" ती म्हणाली. "घेऊन या जावा तुमचं मांजर."

त्या दिवशी गैबी जेवताना हसला. पेटी पुरी झाली, म्हणाला. मेहमुदाला तो हसलेला चेहरा पुढं कितीतरी वर्षं आठवत राहिला, कारण तसा तो पुन्हा फारसा दिसला नाही.

पाऊस परत आला आणि बोलावणीही. रिळावर चढवायला म्हणून मेहमुदानं वळलेला पहिला लांब दोर एका अनोळखी माणसापायी रंकाळ्यात गेला. तो कोण, कुठला, हेही शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच पावसाळ्यात जरीनाला मुदतीचा ताप आला. डॉक्टरांनी दुधाशिवाय काही देऊ नका म्हणून सांगितलं. दूध झुंबरबाईनं घातलं, ताप उतरेपर्यंत आणि उतरल्यावरही. हिशेबाचं बोलायला गेलं की ती ओरडायची, "गप बस. माशाचं डोकं खाल्लंय माझ्या पोरानं."

आजारातून उठलेल्या पोरीच्या उशाशी बसून मेहमुदानं एक विचार पक्का केला. ती गैबीला थांबवू शकत नव्हती. पण जे नदीतच जाणार, त्याला रेशीम कशाला? साखरेच्या पोत्यांच्या सुतळ्या उसवून तिनं त्यांचा दोर वळला. भंगारातल्या सळईचा आकडा गैबीकडून करून घेतला. दोन्ही गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. पेटी जित्या माशांची, डबा मढ्यांचा.

गैबीनं दोर हातात घेऊन बघितला. "टिकंल?"

"टाक्यात, विहिरीत न टिकायला काय झालं? दोराचं मला सांगताय व्हय?"

दोराचं त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. डबा वापरात आला. दोनदा विहीर, एकदा कोटितीर्थ. सुतळीनं काम केलं, नदीत गेली, मेहमुदानं नवी वळली. आणि रिळासाठी तिनं पुन्हा रेशीम जमवायला घेतलं. त्या दोराला फार दिवस लागले. दुकानाचं काम कमी झालं होतं. बाजारात गळाला लावायचा तयार तंगूस आला होता, नायलॉनचे करदोटेही आले होते. रेशमाचे तुकडे उरत नव्हते. तरी तिनं तो पुरा केला. दुसरं टोक नेहमीप्रमाणं झुंबरबाईनं धरलं, ओला करून ओढला, दोघी बोळात घसरून पडता पडता हसल्या. रीळ भरून खुंटीवर टांगलं. पाऊस सरला की गैबी त्यावर पहिला मासा काढणार होता. बऱ्याच दिवसांनी त्यानं मरळीच्या कप्प्यातले गळ काढून कानशीनं घासले.

श्रावणात पूर आला. पाणी घाट बुडवून वर आलं, खालच्या गोठ्यांत शिरलं. झुंबरबाईचं एक रेडकू दाव्यासकट वाहून चाललं, म्हणून कृष्णातनं मागं उडी टाकली. पोहण्यात तो मासाच होता. रेडकू पुढं कुठंतरी काठाला लागलं आणि संध्याकाळी चिखलानं माखलेलं, हंबरत, आपल्या पायांनी बोळात परत आलं. कृष्णात आला नाही.

झुंबरबाई दोन दिवस घाटाच्या वरच्या पायरीवर बसून होती. मेहमुदानं तिच्यासाठी चहा नेला, तो तिथंच गार झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी जरा उतरलं, आणि खालच्या अंगाला, बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांत निळा शर्ट दिसला.

गैबी बाहेरूनच ओरडला. "मेहमुदा! दोर टाक! आकडा टाक! बिगी बिगी!"

ती उठली. हात आधी खुंटीकडंच गेला होता. हे तिला नंतर नेहमी आठवायचं, की हात आधी रिळाकडंच गेला होता. बोटांना थंड पितळ लागलंही. मग तिच्या मनात आलं, हा दोर आता परत येणार नाही. पोर तर गेलंच आहे. बाभळीत अडकलेलं ओढून काठाला लावायचं, त्याला सुतळी पुरे. झुंबरबाईला पोर मिळाल्याशी कारण. हा सगळा विचार श्वास घेऊन सोडावा इतक्यात झाला. तिनं फळीवरचा डबा काढला. वरची कौलं गळत होती, डब्याच्या झाकणावर ओल होती. आतली सुतळी हाताला दमट लागली. तिनं तो दोर गुडघ्याशी ताणून बघितला. घट्ट वाटला. पाण्याची घागर तिच्या पायाशीच होती. तिनं तो ओला केला नाही.

गैबीनं दारातच डबा उघडला. "रेशमाचा न्हाय?"

"ह्योच बळकट हाय. बघितलाय मी."

तो दोर खांद्यावर टाकून पळाला.

नाव मिळाली नव्हती. गुऱ्हाळातली रस आटवायची मोठी काहील पाण्यात सोडली होती, तीत गैबी आणि झुंबरबाईचा भाऊ आकाराम बसले. काठावर माणसं जमली. मेहमुदा झुंबरबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि झुंबरबाईनं न बघताच तिचा हात धरला. काहील गरगरत बाभळींजवळ गेली. गैबीनं आकडा टाकला, एकदा, दोनदा. मग तो लागला. कमरेच्या पट्ट्याला लागला असावा, कारण सगळा देह एकदम, अलगद, झोपलेल्या पोराला कुणी उचलावं तसा काट्यांतून बाहेर आला. कूस बदलली. तोंड वर झालं.

"आला!" झुंबरबाई म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली. "आला बघ माझा. मेहमुदा, आला."

बाभळींच्या आडोशातून बाहेर येताच प्रवाहानं त्याला धरलं. दोर ताठ झाला. गैबी काहिलीत उताणा रेलून, पाय रोवून, ओढत होता. मेहमुदाची बोटं आपोआप मिटली, जणू दुसरं टोक तिच्याच हातात होतं. आणि तिला इतक्या लांबून कळलं. पीळ उलगडतोय. एक पदर गेला. दुसरा.

तुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. गैबी मागच्या मागं आकारामच्या अंगावर पडला, काहील पाणी घेत घेत फिरली, आणि निळा शर्ट नदीच्या मध्यावर गेला. राजाराम बंधारा त्या दिवसांत पाण्याखालीच होता. त्याच्यावरून जाताना तो एकदा दिसला, मग दिसला नाही.

"आरं, कुठं चाललास?" झुंबरबाई म्हणाली. तिनं मेहमुदाचा हात अजून सोडला नव्हता.

गैबी पाणी उतरेपर्यंत शोधत होता. बंधाऱ्याच्या खाली, रुईला, इचलकरंजीला, एस.टी.नं शिरोळपर्यंत गेला, वाडीच्या संगमावर दोन दिवस राहिला. उसाच्या फडांत, पुलांच्या खांबांशी, जिथं जिथं पूर आपली ओझी टाकून जातो तिथं त्यानं बघितलं. दुसऱ्यांची दोन मढी सापडली, ती त्यानं काढून दिली. कृष्णात सापडला नाही.

परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत हातभर सुतळी होती. तुटलेल्या दोरातली त्याच्या मुठीत राहिलेली. मेल्या माणसाला लागलेली वस्तू त्यानं आयुष्यात पहिल्यांदा घरात आणली. मेहमुदा बघत असताना त्यानं खाटेखालची पेटी ओढली, मरळीचा कप्पा रिकामा केला, सुतळी नीट गुंडाळून त्यात ठेवली आणि कुलूप लावलं. पुढं एकदा तिनं विषय काढला होता. "मला वाटलं..." एवढंच म्हणाली. तो चाकाला तेल घालत होता. "भाकरी वाढ," म्हणाला.

दूध मात्र येत राहिलं. जरीनासाठी लावलेलं भांडं रोज सकाळी उंबऱ्यावर भरलेलं असायचं. पूर्वी झुंबरबाई भांडं ठेवताना हाक मारायची. आता नुसतं भांडं असायचं. मेहमुदा ते दूध तापवायची, जरीनाला द्यायची. स्वतः तिनं चहा कोरा प्यायला सुरुवात केली.

देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा अशी त्यांच्यात रीत. भावकीनं लगेच सांगितलं, आकारामनं सांगितलं. झुंबरबाई ऐकेना. "पान जाळू व्हय?" म्हणायची. "बघितलंय मी त्याला. तोंड वर करून गेलाय. लागंल कुठंतरी." दिवाळी गेली. शिमगा गेला. रोज सकाळी गैबी चाक घेऊन निघाला की ती दारातून विचारायची, "गैबीभाऊ, आज जाणार काय खाली?" आणि तो धंदा सोडून कधीकधी खरंच जायचा.

पुढच्या पावसाच्या तोंडाला, म्हशी दारात बांधून, ती बोळ ओलांडून आली. वर्षभरात पहिल्यांदा. उंबऱ्यावर बसली. मेहमुदा चुलीपुढून उठली, पण पुढं जायचं की नाही ते तिला कळेना.

"आकाराम पानं आणायला गेलाय," झुंबरबाई म्हणाली. "करून टाकतो म्हणतोय. भावकी थांबंना." तिनं आपल्या दारातल्या रेडकाकडं पाहिलं. त्याची आता चांगली पारडी झाली होती. "बांधायला दोर पायजे. दे."

"कुठला?"

"कुठला म्हंजे? ज्याचं टोक मी धरलंतं, त्यो."

मेहमुदानं खुंटीवरचं रीळ काढलं. एकही मासा न लागलेला दोर त्याच्यावर तसाच गच्च होता. ती टोक धरून ओढत गेली आणि रीळ जमिनीवर गुरगुरत रिकामं होत गेलं. मागं खाटेवर गैबी उठून बसला होता. त्यानं तिला थांबवलं नाही, मदतही केली नाही. दोराचा सगळा ढीग तिनं झुंबरबाईच्या मांडीवर ठेवला.

झुंबरबाईनं एक हात दोर वेगळा केला. दोन्ही तळव्यांना गुंडाळला. मग थांबली.

"वल्ला कर," ती म्हणाली.

मेहमुदानं तांब्या आणला आणि तिच्या हातांवर पाणी ओतलं. दोर काळपट झाला. पाणी झुंबरबाईच्या कोपरांवरून उंबऱ्यावर ओघळलं. तिनं ओढलं. खांदे थरथरले, मानेच्या शिरा वर आल्या, तळव्यांत वळ उठले. ती ओढत राहिली, जोवर ओढायचं बळ होतं तोवर.

"तुटत न्हाय की," ती म्हणाली.

मेहमुदाच्या हातात रिकामा तांब्या होता.

"न्हाय," ती म्हणाली. "ह्यो न्हाय तुटत."

झुंबरबाईनं दोर ओटीत घेतला आणि गेली. संध्याकाळी आकाराम आणि भावकीतले चौघे पानांचा माणूस घेऊन नदीवर गेले. गैबी त्यांच्या मागून गेला. पानांवर तांबूस दोर आडवा-उभा बांधलेला होता आणि तो कुठंही सुटला नव्हता, असं त्यानं नंतर जरीनाला सांगितलं. मेहमुदाला नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्यावर दूध आलं नाही.

गैबी त्यानंतर मासे धरायला गेला नाही. मोरपिसाचे तरंडे वाळवीनं खाल्ले, शिशाची वजनं जरीनाच्या लग्नात भंगारवाल्याच्या काट्यावर गेली, दाभणाचे गळ काडेपेट्यांच्या कप्प्यांत गंजून एकमेकांना चिकटले. सुतळीचा कप्पा कुणी उघडला नाही. बोलावणं आलं की मात्र तो जायचा, केस पांढरे झाले तरी, गुडघे गेले तरी. दारातून तो दोर मागत नसे; नुसता उभा राहायचा. मेहमुदा आतून दोर आणायची. घागरीत बुडवून काढायची, पायाखाली धरून, पाठ वाकवून ओढून बघायची, आणि मग द्यायची. रेशमाचा. तो नदीत जायचा आणि ती पुढचा वळायला घ्यायची. रेशीम महाग झालं होतं. तिच्या हातातल्या चांदीच्या बांगड्यांतली एकेक त्यासाठी गेली. गैबीनं कधी विचारलं नाही.

दुपारी ती बोळात टकळी घेऊन उभी राहायची. समोरच्या दारात झुंबरबाई शेणी थापत असायची, मान वर न करता. दोराचं दुसरं टोक मेहमुदानं आपल्याच दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकून त्याला बांधलेलं असायचं.